प्राण्यांना जंतूंमुळे आजार कसे होतात? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

घरी कुत्रा-मांजर पाळणारे, गल्लीतल्या प्राण्यांना खाऊ घालणारे, तबेलेवाले आणि बकरी ईदच्या आधी बोकड आणणारे अशा सगळ्यांचे दवाखान्यातले प्रश्न फिरून फिरून तेच असतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक जंतूची आत शिरायची वाट, मुक्कामाची जागा आणि बाहेर पडायची वाट ठरलेली असते. ती कळली की काय केल्याने उपयोग होईल आणि कशाने होणार नाही, हे बरंचसं तुमचं तुम्हालाच उमगतं.

जिवाणू आणि विषाणू म्हणजे एकच ना? शेवटी दोन्ही जंतूच.

बोलताना एकच म्हटलं तरी चालतं, औषध देताना नाही. जिवाणू ही एक संपूर्ण जिवंत पेशी असते. ती स्वतः खाते, वाढते आणि एकीच्या दोन होते. ई. कोलायसारख्या जिवाणूला सगळं मनासारखं मिळालं तर हे काम २० मिनिटांत उरकतं. विषाणूला यातलं काहीच जमत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकांचा तुकडा, एवढाच त्याचा संसार. जिवाणू आपली चूल-भांडी बरोबर घेऊन फिरतो; विषाणूच्या खिशात नुसती पाककृतीची चिठ्ठी असते आणि स्वयंपाक दुसऱ्याच्या ओट्यावर उरकायचा असतो. त्यामुळे प्राण्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची एकही प्रत निघत नाही.

प्राण्यांच्या विषाणूचा पहिला पुरावा गुरांच्याच आजारातून मिळाला. १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी लाळ्या-खुरकुताच्या फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळलेल्या पाण्यानेही वासरं आजारी पडली. म्हणजे जिवाणूपेक्षा बारीक असं काहीतरी पलीकडे गेलं होतं.

जंतू अंगात आहे म्हणजे आजार होणारच का?

नाही, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

बकरी ईदच्या आधी देवनारला बाहेरच्या राज्यांतून ट्रकच्या ट्रक बोकड येतात. निघताना ठणठणीत असलेला बोकड इथे उतरल्यावर दोन-चार दिवसांत ठसकायला लागतो, नाकातून घट्ट शेंबूड येतो, कान पडतात, चारा सुटतो. मालक म्हणतो, "मुंबईचं पाणी लागलं." पाण्याचा दोष नसतो. निरोगी शेळीच्या नाका-घशात पाश्चरेला आणि मॅनहायमिया हे जिवाणू एरवीही असतातच. लांबचा प्रवास, दाटी, तहान, ट्रकमधला लघवीचा उग्र वास आणि वर पावसाची सर यांनी जनावर खचतं. ताणामुळे रक्तात कॉर्टिसॉल वाढतं आणि प्रतिकार मंदावतो. श्वासनलिकेतल्या बारीक केसांचं काम घाण वर ढकलण्याचं, तेही ढिलं पडतं. मग नाकात गुपचूप राहणारे तेच जिवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. कळपात एखाद्याला पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या आजाराचा विषाणू असेल तर बघायलाच नको.

घरी आणल्यावर दुसरी भानगड सुरू होते. इमारतीतली मुलं प्रेमाने पोळ्या, गहू, पाव, उरलेला भात चारतात. शेळीच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू थोड्या संख्येने असतोच. एकदम एवढं पिष्टमय अन्न मिळालं की तो बेसुमार वाढतो आणि विष सोडतो. याला आंत्रविषार म्हणतात. रात्री धडधाकट असलेला बोकड सकाळी मेलेला सापडतो, आणि शेजाऱ्यांवर विष घातल्याचा संशय घेतला जातो. विष आतल्या आत तयार झालेलं असतं. तेव्हा आल्या दिवशी पाणी, सुका चारा आणि विश्रांती एवढंच द्या.

जंतू अंगात शिरतात कुठून?

तोंड, नाक, डोळे, जखम, सडाचं छिद्र, जननमार्ग, नाळ आणि किड्यांचा दंश. धड, कोरडी कातडी बहुतेकांना पार करता येत नाही. नवजात वासराची ओली नाळ मात्र सताड उघडी वाट असते. ती टिंचर आयोडिनमध्ये बुडवायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्याने सांधे सुजण्याचा आजार टळू शकतो.

जिवाणू आत गेल्यावर नुकसान नेमकं कसं करतात?

काही जण स्वतः जागचे हलतही नाहीत, त्यांचं विष फिरतं. धनुर्वात हे त्याचं ठळक उदाहरण. घोड्याच्या खुराला खिळा लागतो, वरून जखम मिटते, आत हवा पोचत नाही आणि मातीतून गेलेले बीजाणू, म्हणजे जिवाणूची टणक कवचातली झोपलेली रूपं, तिथे रुजतात. जिवाणू त्या कोपऱ्यातच राहतो. त्याचं विष मज्जातंतूंमधून वर चढून मज्जारज्जूत पोचतं आणि स्नायूंना 'सैल हो' असा निरोप देणारी यंत्रणाच बंद पाडतं. मग स्नायू आखडलेले ते आखडलेलेच. घोडा लाकडी घोड्यासारखा पाय फाकवून ताठ उभा राहतो, शेपटी उचललेली असते, आणि हनुवटीखाली हलकी थाप मारली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सरकन पुढे येतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. घोड्याइतका या विषाला नाजूक दुसरा पाळीव प्राणी क्वचितच असेल. कोंबड्यांना याचं फारसं काही वाटत नाही.

दुसरा प्रकार मेल्यावर त्रास देणाऱ्यांचा. ई. कोलाय, साल्मोनेला यांच्या बाहेरच्या भिंतीतच विषारी घटक असतो. जिवाणू फुटले की तो रक्तात मिसळतो. ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, जनावर थंड पडतं. यातलं बरंचसं नुकसान जिवाणू स्वतः करत नाही. त्या घटकाला पाहून बिथरलेली प्राण्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा करते.

तिसरे लपून बसणारे. ब्रुसेलाचा जिवाणू ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळून मारायचं त्यांच्याच पोटात राहतो आणि वाढतो. गाय-म्हैस गाभण राहिली की तो गर्भाशयाकडे वळतो, कारण गुरांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते आणि ती त्याला फार मानवते. वार सडते, गाभ शेवटच्या महिन्यांत पडतो. तबेल्यात एकामागून एक म्हशी सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकू लागल्या तर नजर लागल्याच्या गोष्टी बाजूला ठेवून रक्त तपासून घ्या. पडलेला गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हा जिवाणू माणसालाही महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी देतो.

मेलेलं जनावर कापून बघू नका असं का सांगतात?

फाशी या आजारामुळे. याला काळपुळी किंवा अँथ्रॅक्सही म्हणतात. गूर अचानक मरतं, नाकातोंडातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. शरीर बंद असेपर्यंत आतले जिवाणू बरेचसे कुजण्यातच मरतात. कापलं की त्यांना हवा मिळते, ते बीजाणू बनवतात आणि मग त्या जागेची माती दशकानुदशकं धोक्याची राहते. जंतू आणि आजार यांची जोडी पक्की सिद्ध करणारं रॉबर्ट कॉखचं १८७६ चं काम याच जिवाणूवरचं.

विषाणू पेशीचं काय करतो?

कुत्र्यांचा पार्वो घ्या, मुंबईत तो कधीच दूर नसतो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर एकदम दिसू लागला. मांजरांच्या तशाच एका विषाणूपासून तो आला असं मानलं जातं. विषाणूला पेशीत शिरायला तिच्या पृष्ठभागावरचं ठरावीक प्रथिन लागतं. पार्वो त्यासाठी पेशीचं लोह आत घेणारं प्रथिन वापरतो. पण नुसतं शिरून भागत नाही. हा इतका लहान आहे की जनुकांची नक्कल करायची सामग्रीही त्याच्याकडे नाही. पेशी स्वतः विभागायला निघाली असेल तेव्हाच त्याचं काम होतं.

मग पिल्लाच्या अंगात भराभर विभागणाऱ्या पेशी कुठे असतात? आतड्याच्या अस्तराच्या मुळाशी आणि हाडांच्या मगजात. तिथेच तो जातो. आतड्याचं अस्तर रोज झडतं आणि खालून नवं येतं. पार्वो ते मूळच मारतो. दोन-तीन दिवसांत आतलं अस्तर सोललं जातं आणि ज्याचा वास दवाखान्याच्या दारातूनच ओळखू येतो तसा रक्ताचा, पातळ जुलाब सुरू होतो. त्याच वेळी मगज मारला गेल्याने पांढऱ्या पेशी घसरतात. म्हणजे आतड्याची भिंत पडलेली, राखणदार गायब, आणि आतड्यातले अब्जावधी जिवाणू मोकळे. बरीच पिल्लं शेवटी या जिवाणूंनी आणि अंगातलं पाणी संपल्याने दगावतात.

सगळे विषाणू असे पेशी मारतच सुटत नाहीत. कोंबड्यांचा मॅरेक्सचा विषाणू पेशींना बेताल वाढायला लावून गाठी करतो. गंबोरोचा विषाणू कोंबडीच्या पिल्लांची प्रतिकारशक्ती जिथे घडते ती ग्रंथीच खलास करतो, आणि पुढे कोणताही फडतूस जंतू भारी पडतो.

म्हणजे विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मग डॉक्टर पार्वोत ते का देतात?

वर सांगितलेल्या मोकाट जिवाणूंसाठी. अँटिबायोटिक जिवाणूची भिंत, त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणा अशा गोष्टींवर घाव घालतं. विषाणूकडे त्या नाहीतच, तर घाव बसणार कुठे? पार्वोत पिल्लाला वाचवतं ते प्रामुख्याने सलाईन, उलटी थांबवणारं औषध आणि चिकाटीची शुश्रूषा. पण साध्या सर्दीला, 'असू दे एक कोर्स' म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून घालणं थांबवा. अर्धवट डोसातून तगलेले जिवाणू पुढच्या वेळी त्याच गोळीला दाद देत नाहीत, आणि ते तुमच्या सोफ्यावरच राहतात.

पिल्लाला लस दिली होती, तरी पार्वो कसा झाला?

बहुतेक वेळा कारण आईच्या दुधात असतं. पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला आईची तयार प्रतिपिंडं मिळतात. ती खऱ्या विषाणूला जशी अडवतात तशी लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. काही आठवड्यांनी ती इतकी कमी होतात की खऱ्या विषाणूला पुरत नाहीत, पण लसीला अडवण्याइतकी उरलेली असतात. ही खिंड कोणत्या पिल्लाला कधी लागेल ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. एक इंजेक्शन देऊन लगेच शिवाजी पार्कात फिरायला नेलं, तर ती लस न दिल्यासारखीच.

थोडा संशय लसीच्या प्रवासावरही घ्यावा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. मे महिन्यात खिशातून, लोकलने आलेली कुपी मी तरी टोचणार नाही.

घरात पार्वो होऊन गेला. नवीन पिल्लू कधी आणावं?

घाई नको. या विषाणूला चरबीचं आवरण नाही, म्हणून साबण, सॅनिटायझर, फिनेल यांना तो भीक घालत नाही. सावलीतल्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी स्वच्छ धुऊन, मग ब्लीचचं एकास तीस पाणी दहा मिनिटं तरी राहू द्या. गाद्या, दोऱ्या, लाकडी पाट टाकून द्या. आणि येणाऱ्या पिल्लाची लसीकरणाची मालिका आधी पूर्ण झालेली असावी.

पावसाळ्यात लेप्टोची एवढी भीती का घालतात? आमचा कुत्रा घरातच असतो.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळलेला जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला त्याचं काही होत नाही. तो आयुष्यभर लघवीतून जिवाणू सोडत हिंडतो. वाळलं की जिवाणू मरतो, ओल असली की जगतो. आता जुलैतली मुंबई डोळ्यांसमोर आणा. बिळं बुडालेली, गटारं तुंबलेली, आणि हिंदमाताला गुडघाभर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुराचं पाणी ओसरल्यानंतर शहरात लेप्टोने माणसं गेली. तेव्हापासून हे नाव घराघरांत पोचलं.

जिवाणू ओरखड्यातून, डोळ्यातून, तोंडातून किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शिरतो. आठवडाभर रक्तात फिरतो, मग मूत्रपिंडात आणि यकृतात उतरतो. कुत्र्याला ताप, उलट्या, मागच्या पायांत वेदना, मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या. लघवी आधी खूप आणि पुढे बंदच होते. 'घरातच असतो' या म्हणण्यात एक बारीक गोम आहे: दिवसातून दोनदा तो इमारतीखाली, मीटरबॉक्सपाशी, नेमक्या उंदीर फिरतात त्याच कोपऱ्यात पाय वर करायला जातो आणि तिथला वास हुंगतो, चाटतो.

लस आहे, पण तिची ताकद वर्षभरापुरतीच धरावी. पहिल्या वर्षी दोन डोस, मग दर वर्षी एक, शक्यतो पावसाळ्याआधी. लसीत सगळे उपप्रकार नसतात, म्हणून उंदरांचा बंदोबस्त आणि कचऱ्याचं झाकण यांना पर्याय नाही. फिरून आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसा. आणि आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला, कारण तीच वाट तुमच्यापर्यंतही येते.

गोचीड चावून ताप कसा येतो?

गोचिडाच्या लाळेतून. एर्लिकिया नावाचा जिवाणू तपकिरी गोचिडाबरोबर येतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. हळूहळू प्लेटलेट घटतात. कुत्र्याच्या नाकातून अचानक रक्त येतं किंवा पोटावर लाल ठिपके उठतात. डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि तिथेच लोक गोळी बंद करतात. तसं करू नका. त्याच गोचिडातून बाबेसियाही येतो, पण तो जिवाणूही नाही नि विषाणूही नाही, वेगळा एकपेशी जीव आहे आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजपंचे गोळ्या नकोत.

हा गोचीड फक्त कुत्र्यावर नसतो. तो खिडकीच्या चौकटीत, प्लगपॉइंटच्या मागे, पडद्याच्या शिवणीत अंडी घालतो, हजारोंनी. कुत्र्याला औषध आणि घर तसंच, असं केलं तर महिनाभरात पुन्हा जैसे थे.

कुत्रा चावला, पण दिसायला ठणठणीत आहे. थांबून बघू का?

थांबू नका. रेबीजचा विषाणू इतरांसारखा रक्तातून फिरत नाही. चावलेल्या जागी स्नायूत काही काळ राहतो, मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या आतूनच मेंदूकडे सरकतो. रक्तातल्या राखणदारांना त्याचा पत्ता लागत नाही. मेंदूत पोचल्यावर तो पुन्हा मज्जातंतूंनीच खाली, लाळग्रंथीत उतरतो. मेंदू बिघडवून प्राण्याला चावरं करायचं आणि त्याच वेळी लाळेत हजर राहायचं. त्याची बाहेर पडायची वाट ही अशी आहे.

मेंदूपर्यंतच्या या प्रवासाला आठवडे, कधी महिने लागतात, आणि लस त्या वेळात प्रतिपिंडं तयार करते. शर्यत तेवढीच आहे. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. या विषाणूला चरबीचं आवरण असल्याने साबण त्याला फोडतो. नळाखाली धरून १५ मिनिटं साबणाने धुणं हा खरा पहिला उपचार आहे. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरू नका. लगेच महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती लस सुरू केल्यावर, तिच्याऐवजी नाही. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आजार दिसायच्या जेमतेम काही दिवस आधी येतो, म्हणून दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर चावण्याच्या वेळी लाळ निर्धोक होती असं कळतं.

पिसाळलेला म्हणजे भुंकत अंगावर येणारा, एवढंच डोक्यात ठेवू नका. काही कुत्रे कोपऱ्यात गप्प पडून राहतात, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही. म्हशीला रेबीज झाला तर ती घोगऱ्या आवाजात हंबरते आणि लाळ गाळते; घशात काही अडकलं असेल म्हणून लोक कोपरापर्यंत हात घालतात. तो हात घालू नका.

तबेल्याचं ताजं दूध कच्चं प्यावं का? तेच खरं पौष्टिक म्हणतात.

उकळून प्या. ब्रुसेला आणि गुरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसात येतात, आणि उकळल्याने पौष्टिकपणा काही पळून जात नाही.

तबेलेवाल्यांना मात्र कासदाहाबद्दल सांगायचं आहे, ज्याला गावाकडे दगडी म्हणतात. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत खाली शेण-मूत, वर दमट हवा. धार काढल्यावर सडाचं छिद्र अर्धा ते एक तास उघडंच राहतं आणि नेमकी तेव्हाच म्हैस खाली बसते. उपाय साधा आहे: धार काढल्यावर लगेच वैरण टाका म्हणजे ती उभी राहील, आणि सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा. रोज पहिल्या दोन धारा काळ्या कपड्यावर काढा. त्यात दह्याच्या कणांसारख्या गुठळ्या दिसल्या तर कास दगडासारखी व्हायच्या आधी आजार पकडता येतो. स्टॅफिलोकॉकस एकदा कासेत खोल घर करून बसला की औषधं त्याच्यापर्यंत धड पोचत नाहीत. उपचार चालू असताना आणि औषधाच्या पाकिटावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत ते दूध विकू नका, वासरालाही नको.

लम्पी माणसाला होतो का?

नाही. २०२२ च्या साथीत अनेकांनी दूध बंद केलं, त्याची गरज नव्हती. देवी गटातला हा विषाणू गाईंना जास्त आणि म्हशींना कमी त्रास देतो, आणि प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्याकडून पसरतो. गोठ्यातल्या माश्या मारणं हाही त्यावरचाच उपाय.

बर्ड फ्लूची बातमी आली की चिकन-अंडी सोडायची का?

नीट शिजवलेली सोडायची गरज नाही. ७० अंशाला विषाणू टिकत नाही. अर्धकच्चं ऑम्लेट मात्र त्या काळात टाळा. देशातली पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा.

कोंबडी एका दिवसात का मरते, यामागे एक मजेशीर म्हणावी अशी बारीक यंत्रणा आहे. फ्लूच्या विषाणूचं वरचं प्रथिन एका ठिकाणी कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. सौम्य जातींना कापणारी विकरं (एन्झाइम) फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात मिळतात, म्हणून आजार तिथेच थांबतो. घातक जातींत त्या जागेची रचना अशी बदललेली असते की अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असलेलं विकर ती कापू शकतं. मग मेंदू, हृदय, स्नायू, सगळीकडे एकदमच. तुरा निळा पडेपर्यंत खेळ संपलेला असतो.

बागेत किंवा गच्चीवर एकाच वेळी बरेच कावळे मेलेले दिसले तर हात न लावता महापालिकेला १९१६ वर कळवा.

कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार जिवाणूचा की विषाणूचा?

ज्याची मुंबईत सर्वाधिक चर्चा होते तो दोन्हींचा नाही. पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेल्याने फुप्फुस ॲलर्जीने घट्ट होत जातं. कबुतरं-पोपटांपासून येणारा सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार वेगळा.

माणसाचा आजार प्राण्याला होतो का?

होतो. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोविड झाल्याचं सिद्ध झालं. ते बरे झाले. कुत्र्यांकडून जंगलात जाणाऱ्या विषाणूची मला जास्त काळजी वाटते. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर सापडला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे बिबटे कडेच्या वस्त्यांतले कुत्रे खातात, आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचाच विषाणू. त्या वस्त्यांतल्या कुत्र्यांना लस देणं हे बिबट्यांसाठीच केलेलं काम आहे.

सोसायटीत उंदीर मेलेला दिसला. प्लेग तर नाही?

बहुधा कोणीतरी औषध ठेवलेलं असतं. पण पूर्वी उंदीर पडू लागले की लोक घरदार सोडून माळावर झोपड्या टाकत, ते अनुभवातून आलेलं शहाणपण होतं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला गाठीचा ताप सुरू झाला आणि डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिन यांनी बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. उंदीर ते माणूस ही वाट पिसवेची आहे हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. जिवाणू पिसवेच्या अन्ननलिकेत असा गच्च थर करतो की रक्त पोटात जातच नाही. उपाशी पिसू चावत सुटते आणि दर वेळी जिवाणू जखमेत ओकते. उंदीर मेला, गार पडला की तिला दुसरं ऊबदार अंग लागतं. म्हणूनच मेलेला उंदीर शेपटीने उचलून फेकू नका; आधी कीटकनाशक मारा, मग पिशवीत बांधा.

एखादा आजार कायमचा संपतो का?

गुरांची बुळकांडी संपली. भारत २००६ मध्ये आणि जग २०११ मध्ये तिच्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. ती संपू शकली कारण तिच्या विषाणूला एकच लस पुरत होती, लसीचा परिणाम आयुष्यभर टिकायचा, आणि बरं झालेलं जनावर विषाणू बाळगून राहत नसे. लाळ्या-खुरकुतात तिन्ही गोष्टी उलट आहेत. आपल्याकडेच ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, लस सहा-सहा महिन्यांनी द्यावी लागते, आणि बऱ्या झालेल्या म्हशीच्या घशात विषाणू दीर्घकाळ दडून राहू शकतो.

प्राणी आजारी वाटला तर दवाखान्यात जाण्याआधी घरी काय करू?

कधीपासून खाल्लं नाही, उलटी-जुलाबाचा रंग, शेवटची लघवी कधी झाली, लस कधी दिली हे कागदावर लिहा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या रांगेत उभं असताना यातलं निम्मं आठवत नाही. फाइल बरोबर घ्या. जुलाबाचा फोटो काढायला लाजू नका. पार्वोचा संशय असेल तर पिल्लू खाली न सोडता कडेवर ठेवा आणि आत जाण्याआधी सांगा. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती एका गोळीतही मारू शकते.